द्वारकाअक्का आणि आतली शिवण

कपड्यांच्या दुकानात माझ्याबरोबर यायला माझी मुलगी तयार नसते. मी जीन्स हातात घेतली की आधी ती उलटी करते, दोन्ही पाय आतून बाहेर ओढते आणि मांडीपासून घोट्यापर्यंतची शिवण अंगठ्यानं चाचपत जाते. रंग, माप, किंमत हे सगळं नंतर. दुकानदार बघत राहतो. "आई, लोक बघतायत," मुलगी पुटपुटते. ही सवय माझी नाही, द्वारकाअक्काची आहे, असं मी तिला एकदा सांगितलं. "कोण द्वारकाअक्का?" तिनं विचारलं. आता ते दुकानात उभ्या उभ्या कसं सांगणार?

नव्वदीचं दशक निम्मं उलटलं होतं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत जीन्स शिवणारा एक कारखाना होता. माल दुसऱ्यांच्या नावानं जायचा, शिवायचो आम्ही. गारमेंटचा डिप्लोमा करून मी तिथं क्वालिटी सुपरवायझर म्हणून लागले. वय बावीस. पहिल्या दिवशी प्रॉडक्शन मॅनेजर दाणी साहेबांनी मला शेवटच्या टेबलाकडे नेलं आणि म्हणाले, "या आठ चेकर बायका तुमच्या हाताखाली." त्या आठांतली एक पन्नाशीची, बुटकी, सावळी बाई मान वर न करता काम करत होती. तिच्या चष्म्याची एक दांडी मोडलेली होती आणि ती जीन्सच्या नारिंगी दोऱ्यानं गच्च बांधलेली होती. ती द्वारका अहिरे. सगळा कारखाना तिला अक्का म्हणायचा.

मी कॉलेजात शिकवल्याप्रमाणे तक्ता काढला, टेप काढली, कंबर मोजली, लांबी मोजली, इंचात टाके किती ते मोजले आणि पहिली पॅन्ट पास करून गठ्ठ्यावर ठेवली. अक्कानं ती उचलली.

"म्याडम, ही पास केली?"

"हो. सगळी मापं बरोबर आहेत."

"मापं बरोबरच हायेत. बाहेरून सगळ्याच शहाण्या असतात."

तिनं एका झटक्यात पॅन्ट उलटी केली. अंगठा शिवणीवर ठेवला आणि सरकवत नेला. नजर मात्र समोरच्या भिंतीवर. मध्येच अंगठा थांबला. "इथं हात लावा."

मला काही कळलं नाही.

"परत लावा. सावकाश."

तिसऱ्यांदा लागलं. जाड शिवण त्या दोन बोटांच्या जागेत किंचित पातळ झाली होती. चांगल्या जीन्सच्या पायातली शिवण कशी असते ते तिनं मला त्या दिवशी स्वतःच्या हातांनी दाखवलं. दोन्ही पंज्यांची बोटं वाकवून एकमेकांत अडकवली आणि म्हणाली, "ओढा." मी ओढलं. सुटेनात. कापडाचे दोन काठ असे एकमेकांत घडी घालून अडकवायचे आणि वरून टाक्यांच्या दोन ओळी मारायच्या. मग काठ झिजत नाही, दोरे लोंबत नाहीत, आणि एक ओळ तुटली तरी दुसरी धरून ठेवते. या पॅन्टमध्ये एक काठ घडीतून निसटला होता.

"बाहेरून दोन वळी दिसत्यात," अक्का म्हणाली. "आत एकच कामाला हाय. दुसरी नुसती हजेरी लावती."

मी माझा तक्ता घडी करून खिशात ठेवला.

जीन्सच्या दोन पायांच्या मध्ये चार शिवणी एका ठिकाणी येऊन मिळतात. तिथं कापडाचे थरावर थर चढतात, सुई मोडते, टाका चुकतो. कारागीर बायका त्या जागेला 'द्वारका' म्हणायच्या. नाशिकमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आमच्या द्वारका चौफुलीवर चहूकडून गाड्या येतात आणि अडकतात. पण कारखान्यात या नावाला दुसराही अर्थ होता, कारण सगळ्यात जास्त माल तिथंच अडकायचा आणि अडवणारी अक्काच असायची. "द्वारकेला गाडी अडकली," असं शिलाईच्या लाइनीवरून कुणी ओरडलं की अक्का इकडून म्हणायची, "अडकली नाय, अडवली."

ती मूळची सटाण्याची. नवऱ्याची नोकरी नाशिकला, म्हणून इकडे आली. एरवी आमच्याशी मराठीत बोलायची, पण फार राग आला किंवा फार माया आली की अहिराणीवर जायची. त्यामुळे 'आहे'ऐवजी तिनं 'शे' म्हटलं की समोरच्याला दोन्हीपैकी काय आहे ते आधी ओळखावं लागे. डब्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा. कांदा मुठीनं फोडायची आणि अर्धा शेजारणीच्या डब्यात टाकायची, शेजारीण नको म्हणत असली तरी. पास केलेल्या मालावर मारायला तिला '३' आकडा असलेला शिक्का दिलेला होता. तो ती टेबलावर कधी ठेवत नसे. कमरेला बांधून ठेवायची. "शिक्का हाय का मंगळसूत्र?" असं लाइनीवरच्या रंजनानं एकदा विचारलं, तर म्हणाली, "मंगळसूत्र ईसरून आले तरी चालंल."

मी लागल्यावर वर्षभरात एक मोठी ऑर्डर आली. माल पाठवायची तारीख अगदी जवळची. घडीची शिवण मारायला खास मशीन लागतं, तशी आमच्याकडे तीन होती, त्यातली दोन ऐन वेळी बंद पडली. दाणी साहेबांनी तोडगा काढला. घडी घालायचीच नाही. काठांवरून नुसता दोरा गुंडाळत जाणारं साधं ओव्हरलॉक मारायचं, काठ एका बाजूला दाबायचे आणि वरून दोन नारिंगी ओळी मारून द्यायच्या. टाकाही लांब करायचा, म्हणजे काम लवकर उरकेल. बाहेरून कुणाला कळणार नाही. ती शिवणही काही गुन्हा नव्हे. हलक्या पॅन्टींना चालते. पण आमचं कापड जाड होतं आणि गिऱ्हाइकाला दाखवलेला नमुना घडीचा होता.

नव्या नमुन्यावर सही करायला साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. मी पॅन्ट उलटी करून बघितली, मला सगळं कळलं, आणि मी सही केली.

दुसऱ्या दिवशी अक्काच्या टेबलावर पहिला गठ्ठा आला. तिनं एक पॅन्ट उलटी केली, दुसरी केली, तिसरी केली. मग शिक्का कमरेला तसाच ठेवून हात बांधून बसली.

"हाई काय शे?" तिनं मला विचारलं.

मी म्हणाले, "नमुना पास झालाय, अक्का."

"कोणी केला?"

तेवढ्यात दाणी साहेब आले. अक्का त्यांना म्हणाली, "साहेब, हाऊ माल मी पास नही करस."

जेवणाच्या सुट्टीत हा वाद कॅन्टीनमध्ये पोचला. साहेब तसे वाईट नव्हते, पण चारचौघांत त्यांना ऐकून घ्यायची सवय नव्हती. ते हसत म्हणाले, "फाटते म्हणता ना? मग फाडून दाखवा."

अक्का उठली. कॅन्टीनच्या कोपऱ्यात कांद्याची गोणी होती. तिनं दोन पॅन्टी घेतल्या, एक जुन्या शिवणीची, एक नव्या. चारी पायांची तोंडं सुतळीनं बांधली आणि दोन्हीत कमरेपर्यंत कांदे भरले. स्टोअरमधल्या दोघा गड्यांना एकेक पॅन्ट कमरेला धरून उचलायला सांगितली. दोन्ही पॅन्टी हवेत लोंबायला लागल्या, बिनडोक्याच्या माणसांसारख्या. सगळे उभे राहून बघत होते. "हिसका द्या," अक्का म्हणाली. त्यांनी हिसके दिले.

काहीच झालं नाही. नवी शिवण हलली नाही.

मग जो हशा उठला तो मला अजून ऐकू येतो. कुणीतरी शिट्टी मारली. दाणी साहेबांनी टाळ्या वाजवल्या. अक्कानं कांदे खाली ओतले, गोणीत भरले, भरताना दोन सडके निघाले ते बाजूला काढून आचाऱ्याच्या हातात दिले. मग हात धुतले आणि म्हणाली, "धुवून आल्यावर बघू." दुसऱ्या दिवसापासून तिला दोरे कापायच्या टेबलावर बसवलं. शिक्का काढून घेतला.

दोरे कापणं म्हणजे कारखान्यातलं सगळ्यात खालचं काम, नवीन मुलींचं. दुपारी मी तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं विचारलं नव्हतं, तरी सांगितलं, "अक्का, सही माझी होती."

"माहीत हाय. साहेबाला एवढं बारीक अक्षर येत नाय."

"तुम्ही एवढ्या का अडून बसलात? एका शिवणीसाठी?"

ती कात्री चालवत राहिली. मग बोलली ते माझ्याकडे न बघता.

सटाण्याच्या कांदा मार्केटात तिचे वडील हमाल होते आणि ती लहानपणापासून गोण्यांची तोंडं शिवायची. हातात दाभण, त्यात सुतळी. पंधरा वर्षांची असताना एकदा जत्रेला जायची घाई होती. बरोबरच्या मुली फाटकात थांबल्या होत्या. शेवटच्या काही गोण्यांना तिनं टाके लांब लांब घातले. एकाच्या जागी दोन बोटं सोडली. त्यातलीच एक गोणी वडिलांच्या पाठीवर आली. ते ट्रकला लावलेल्या फळीवर चढत असताना गोणीचं तोंड उसवलं, कांदे पायाखाली आले आणि ते फळीवरून खाली पडले. गुडघा गेला. त्यानंतर त्यांनी पाठीवर ओझं घेतलं नाही. मार्केटच्या फाटकाशी बसून राहायचे.

"बापाला कळलं होतं," अक्का म्हणाली. "माझा टाका तो वळखायचा. पण मला कधी इचारलं नाय त्यानं. मेला तरी नाय. इचारलं असतं तर बरं झालं असतं."

तिनं माझ्यापुढे एक पॅन्ट सरकवली आणि दुसरी कात्री दिली. सुट्टी संपेपर्यंत आम्ही दोघी दोरे कापत बसलो.

जीन्स शिवून झाली की धुलाईला जाते. मोठ्या ड्रममध्ये दगडांबरोबर तासन् तास घुसळतात, तेव्हा तिला तो विटका निळा रंग येतो. आमचा माल सहाव्या दिवशी टेम्पोतून परत आला. रंजनानं पहिला गठ्ठा सोडला आणि मला हाक मारली. ओव्हरलॉकचे दोरे दगडांनी खाल्ले होते. लांब टाके सैल पडले होते. काही पॅन्टींच्या पायात बोट जाईल एवढ्या फटी होत्या, काहींचा पाय वीतभर उघडा होता. सगळ्यांचा नाही. दर गठ्ठ्यात पाच-सात.

कारखान्याचे मालक, आमचे शेठ, आले. त्यांनी एक पॅन्ट हातात धरली आणि दाणी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "चेकिंगमध्ये लक्ष नव्हतं, सर." बाकीच्या सातही चेकर बायका टेबलामागे उभ्या होत्या. त्यांच्या माना खाली गेल्या. मी अक्काकडे पाहिलं. ती पलीकडच्या टेबलावर दोरे कापत होती; तिनं मान वर केली नाही.

तेव्हा मी बोलले. "सर, नमुन्यावर सही माझी आहे. शिवण बदलली ते मला माहीत होतं. अहिरेबाईंनी माल अडवला होता."

शेठनी अक्काला बोलावलं. मला वाटलं, आता तरी ती म्हणेल की मी सांगितलं होतं. ती टेबलापाशी आली. उघड्या पॅन्टींचा ढीग तिनं हातानं बाजूला सारला आणि ज्या धड होत्या त्यांच्यावर हात ठेवला.

"शेठ, फुटलेल्यांची काळजी नाय. त्या दिसत्यात. ह्या बघा. ह्या लोकांच्या अंगावर फुटतील."

शेठनी गिऱ्हाइकाला फोन करून तारीख पुढे मागून घेतली. सगळा माल उसवून परत शिवायचं ठरलं. बंद मशीनपैकी एक दुरुस्त झालं. त्या मशीनवर कोण बसलं? अक्का. चेकर व्हायच्या आधी ती कारागीर होती हे मला तेव्हा कळलं. पाच दिवस ती त्या मशीनवरून फक्त जेवायला उठली. ज्या गड्यांनी कॅन्टीनमध्ये हसून घेतलं होतं ते तिला गठ्ठे आणून देत होते, आणि ती त्यांना म्हणत होती, "सावकाश, कांदे नायत त्यात."

मला मेमो मिळाला आणि कायम होणं सहा महिन्यांनी पुढे गेलं. मेमो हातात घेऊन मी बाथरूममध्ये रडत होते. अक्का दारात आली. "काय व्हयनं वं माय?" म्हणाली. मग माझा चेहरा आपल्या पदरानं पुसला. पदराला मशीनच्या तेलाचा वास होता. "सही करताना हात थांबला व्हता का?"

"हो."

"मग शिकशीला," एवढंच म्हणून ती गेली. मला ती त्याआधी आणि नंतर नेहमी 'म्याडम' म्हणाली, पण त्या दिवशी 'माय' म्हणाली होती.

दाणी साहेबांनी तिची माफी वगैरे मागितली नाही. पण शिक्का त्यांनी स्वतः आणून दिला. पुढे कुठलाही नवा नमुना आला की ते तिच्या टेबलावर ठेवून गुपचूप उभे राहायचे. ती उलटा करून बघायची, मान हलवायची, आणि ते निघून जायचे. सहा-सात वर्षं हे असंच चाललं. दोघं एकमेकांशी फारसं बोलले नाहीत.

माझ्या लग्नाचं जमत होतं तेव्हाची गोष्ट तर तिनं मला आधी कळूच दिली नव्हती. मुलगा गंगापूर रोडला राहणारा. कारखान्यात मी सहज बोलले होते. पुढच्या शनिवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, अक्का पापडांची चार पाकिटं पिशवीत टाकून त्या मुलाच्या घरी गेली. पापड विकायला आले म्हणून दारात बसली, पाणी मागितलं, त्याच्या आईशी अर्धा तास बोलली. रविवारी कामावर आल्यावर मला म्हणाली, "पोरगा बरा शे."

"कोणता पोरगा?"

"तुमचा. पाणी मागितलं तर आईला हाक नाय मारली, सोता उठून आणलं. पेला इसळून आणला." मग म्हणाली, "सासू बोलती लय. पण पापड घेतले तिनं."

मी हसले, तिच्यावर चिडलेही. पण मुलाला होकार देताना तो विसळलेला पेला माझ्या डोक्यात होता, हे खरं. सासूबाई पुढे कित्येक वर्षं त्या पापडवाल्या बाईची चौकशी करायच्या, ती परत का येत नाही म्हणून. मी त्यांना कधी सांगितलं नाही.

दोन हजारनंतर कारखान्याला काम कमी होत गेलं आणि एक दिवस तो बंद झाला. मी एका कॉलेजात शिकवायला लागले. अक्कानं गंगापूर रोडला, कॉलेजच्या पोरांची वर्दळ असते तिथं, एका लॉन्ड्रीच्या ओट्यावर मशीन टाकलं. जीन्स आखूड करणं, चेन बदलणं, रफू. जाता येता मी थांबायची. एकदा मी बसलेली असताना एक मुलगी नवीकोरी जीन्स घेऊन आली. तिला ती गुडघ्यावर फाडून हवी होती, तशी फॅशन निघाली होती. मला वाटलं, आता काही खरं नाही. अक्कानं जीन्स घेतली, उलटी केली, अंगठा फिरवला, आणि चेहरा खुलला.

"चांगल्या घरची हाय," ती म्हणाली. मग मुलीला विचारलं, "कुठं फाडायची?"

मुलीनं रेघ दाखवली. रेघ बाजूच्या शिवणीपर्यंत जात होती.

"गुडघा फाड बाई, तुझा हाय. शिवण नाय फाडणार मी. ती दुसऱ्या कुणाची तरी मेहनत शे."

तिनं शिवणीच्या दोन बोटं आधी कात्री थांबवली आणि फाटक्या जागेच्या दोन्ही टोकांना आतून बारीक टाके घालून दिले, पुढे फाटत जाऊ नये म्हणून. मुलगी खूश होऊन गेली. अक्का माझ्याकडे वळून म्हणाली, "फाटलेलं पण टिकलं पायजे ना."

नवरा गेल्यावर ती ओटा सोडून सटाण्याला भावाकडे राहायला गेली. काही वर्षांनी तिथंच वारली. मला ते बऱ्याच उशिरा, रंजनाकडून कळलं.

त्याआधी ती मला शेवटची भेटली ती कळवणला. मुलींच्या शिवणवर्गाची परीक्षा घ्यायला मी तिथं गेले होते. काम आटोपून स्टँडवर आले तर सटाण्याच्या गाडीजवळ अक्का उभी. कुणाच्या तरी बारशाला आली होती. अंगावर जरीचं लुगडं, हातात पिशवी, चष्मा नवा. पाच मिनिटं बोललो. माझ्या मुलीची चौकशी केली, सासूची केली, दाणी साहेब कसे आहेत विचारलं. ते हृदयविकारानं आजारी आहेत म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. "त्याला सांगा, मी इचारलं म्हणून," म्हणाली. "सांगाल ना? ईसरू नका."

गाडी सुटायला आली. ती चढली आणि तिला खिडकी मिळाली. तिनं पिशवीतून बारशाचा एक लाडू काढला आणि गजांमधून माझ्या हातात दिला. मी हात हलवायला वर केला, पण तोवर शेजारी एक बाई तान्हं मूल घेऊन येऊन बसली होती. त्या बाईला पदर सावरायचा होता, म्हणून अक्कानं मूल आपल्याकडे घेतलं. गाडी हलली तेव्हा ती त्या मुलाच्या कानात काहीतरी बोलत होती, बहुतेक अहिराणीत, आणि ते तिच्या नव्या चष्म्याची दांडी ओढत होतं.